पुएब्लाचा पाच मे, गुम्मिडिपूंडीत

मे महिन्यात चेन्नईला कुणी स्वखुशीने जात नाही. मी गेले, कारण भाची केतकी चार वर्षं बोलावत होती आणि दर वेळी मी शाळेच्या पेपर तपासणीची सबब पुढे करत होते. २००८ साली मी निवृत्त झाले आणि सबब संपली. मिरजेहून तिकडे पोचेपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की गाडी वेळेवर पोचली आणि त्याचं श्रेय घ्यायला फलाटावर कुणी पुढारी उभा नव्हता.

अण्णा नगर, शुक्रवार

केतकी गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. राहते अण्णा नगरात, मुकुंदरावांच्या घरी वरच्या मजल्यावर. मुकुंदराव त्याच कारखान्यात प्रशासन अधिकारी. प्रशासन म्हणजे कामगारांच्या बसगाड्या, कँटीन, गणवेश, फाटकाजवळच्या कुंड्या आणि वर्षभरातले सगळे समारंभ. वय अठ्ठावन्न, मेअखेरीस निवृत्त होणार होते.

घराणं तंजावरी मराठी. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिथलेच झाले, पण घरात मराठी टिकून आहे. कानाला ती जुन्या बखरीसारखी लागते, फक्त चाल तमिळ. दारात पाऊल टाकताच मुकुंदराव म्हणाले, "यावें बाई. प्रवास बरा जाला कीं?" मी चौतीस वर्षं शिक्षिका. सवयीने म्हणून गेले, "झाला." ते नम्रपणे म्हणाले, "झाला." आपल्या घरात आलेल्या पाहुणीने पहिल्याच वाक्यात केलेली दुरुस्ती त्यांनी अशी स्वीकारली, की मला पुढे दोन दिवस ते आठवून चांगलीच लाज वाटत राहिली.

त्यांच्या पत्नी रुक्माबाईंनी जेवायला डांगर पच्चडी केली होती. म्हणजे आपलं उडदाचं डांगरच, आडनाव तेवढं तमिळ. मी तीनदा घेतलं.

जेवताना कळलं की सोमवारी, पाच मेला, कारखान्यात मोठा समारंभ आहे. केतकीने छापील पत्रिका दाखवली: मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, दुपारी साडेचार. कारखान्यात रामिरो नावाचा एक मेक्सिकन तंत्रज्ञ तीन वर्षांपासून होता. मोठ्या प्रेसमध्ये जे लोखंडी साचे बसवतात ते अचूक बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याने ते दोनशे कामगारांना शिकवलं होतं. त्याच्या सन्मानार्थ हा दिवस.

"आणि मावशी, तू बोलणार आहेस," केतकी म्हणाली. तिने डायरेक्टरसाहेबांना सांगून टाकलं होतं की माझी मावशी इतिहासाची शिक्षिका आहे. साहेबांनी जागच्या जागी मला प्रोफेसर करून पाच मिनिटांचं भाषण ठरवलं होतं.

मी मुकुंदरावांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. मला वाटलं, दुरुस्तीचा राग असावा.

समुद्रकाठचं हॉटेल, शनिवार

मेक्सिकोबद्दल मला फार माहिती नव्हती, म्हणून केतकीने माझ्या शिक्षणाची व्यवस्था केली. एका तारांकित हॉटेलात पाच मेनिमित्त 'मेक्सिकन स्वातंत्र्य सप्ताह' चालू होता. वर्तमानपत्रात अर्धं पान जाहिरात होती. आम्ही दुपारच्या जेवणाला गेलो आणि रामिरोलाही नेलं.

रामिरो चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. मिशी अशी, की त्याला पोलीस ठाण्यात नेऊन बसवलं तरी लोक तक्रारी घेऊन येतील. इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान झाल्या. तमिळ मात्र बऱ्यापैकी. प्रेसच्या आवाजात शिकल्यामुळे तो ते ओरडूनच बोले.

दारात वेटर छत्रीएवढ्या टोप्या घालून उभे होते. टोपीमुळे त्यांना एकमेकांशेजारून जाता येत नव्हतं, तेव्हा प्रत्येक पदार्थ वळसा घालून येई. भिंतीवर कागदी निवडुंग. पापडासारख्या मक्याच्या तुकड्यांवर वितळलेलं चीज, पोळीत गुंडाळलेलं पनीर. मी रामिरोला विचारलं, हे तुमच्याकडे कशाशी खातात. त्याने प्रत्येक पदार्थ चाखला आणि सांगितलं की चव बरी आहे, पण यांची आणि त्याची ओळख आजच होते आहे. हे बहुधा अमेरिकेतलं असावं. तिकडे पाच मेला बियर विकण्याचा मोठा उत्सव असतो, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिनच वाटतो.

"वाटतो म्हणजे? नाही?" मी विचारलं.

रामिरोने केतकीकडे पाहिलं, मग ताटाकडे. "आमच्यासाठी फार मोठा दिवस आहे," एवढंच म्हणाला आणि पनीर संपवायला लागला. जो माणूस उत्तराऐवजी पनीर खातो, त्याच्यापाशी काहीतरी लपवण्यासारखं असतं, हे वर्गात उभं राहून मला ठाऊक झालेलं आहे.

परतताना तो आपणहून एक गोष्ट बोलला. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, हे सगळं त्याच्या बाजूच्या जगातून आपल्याकडे आलं. रुक्माबाईंनी त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावून विचारलं होतं, तुला आमचं तिखट सोसेल का. तो म्हणाला, मी काय सांगणार, मिरचीच माझ्या माहेरची. मिरची नव्हती तेव्हा आपण मिऱ्यांवर भागवत होतो, हे मी वर्गात दर वर्षी सांगत आले; पण त्या माहेरचा माणूस शेजारी बसलेला पहिल्यांदाच पाहिला.

पुन्हा अण्णा नगर, रविवार

चार मेपासून तिकडे कत्तिरी लागते. वर्षातले सगळ्यांत कडक उन्हाचे दिवस. लोक तिच्याबद्दल सासुरवाडीहून येणाऱ्या वडीलधाऱ्या बाईसारखं बोलतात: किती दिवस राहणार, कधी जाणार, या वेळी स्वभाव कसा आहे. त्या उन्हात मी सकाळी कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन तासभर बसले आणि दोन पानं छापून आणली.

संशय खरा निघाला. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन सोळा सप्टेंबर. पाच मेचा स्वातंत्र्याशी संबंध नाही. १८६२ साली फ्रान्सची फौज, तेव्हाच्या जगातल्या नावाजलेल्या फौजांपैकी एक, मेक्सिको घ्यायला निघाली होती. पुएब्ला नावाच्या शहराबाहेर तिला एका तुटपुंज्या सैन्याने हरवलं. त्यात आसपासच्या डोंगरांतले, कोयते घेऊन आलेले शेतकरी होते. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी शहर घेतलंच. म्हणजे हा एका दिवसाचा विजय. देशात इतरत्र त्याचं फारसं काही नसतं; पुएब्लात मात्र मोठं संचलन निघतं, शाळेची मुलं त्या डोंगरी शेतकऱ्यांचे वेष करून चालतात.

मला थोडा आनंद झाला, हे कबूल करते. दुसऱ्याची चूक पुराव्यासह हातात असण्याचा तो आनंद, शिक्षकांना निवृत्तीनंतरही होतो. हॉटेलने अमेरिकेची चूक आयात केली, आणि मुकुंदरावांनी ती जाहिरात वाचून पत्रिका छापली, असं मी मनाशी जुळवून टाकलं. आता निदान आदल्या दिवशी तरी सांगावं, म्हणून पानं घेऊन खाली गेले.

मुकुंदराव पडवीत बसून हारांची यादी करत होते. त्यांनी पानं घेतली, पहिल्या चार ओळी वाचल्या, आणि उठून दार लोटून घेतलं.

"हें मला ठावें आहे, बाई."

मी बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रामिरो पुएब्लाचाच. गेल्या वर्षी पाच मेला तो प्रेसजवळ एकटा डबा खात बसला होता, आणि मुकुंदरावांनी सहज विचारलं, आज असा कां. त्याने संचलनाबद्दल सांगितलं. लहानपणी तो लाकडी कोयता घेऊन चालला होता, वडीलही चालले होते, आता पुतण्या चालतो. तोवर इथे पाच मेला त्याच्याशी पुएब्लाचं नाव कुणी काढलं नव्हतं. या जूनमध्ये त्याचा करार संपणार, त्याआधीचा हा शेवटचा पाच मे. मुकुंदरावांनी ठरवलं, या वर्षी काहीतरी करायचं.

पण कारखान्यात तासभर काम थांबवायला आणि चहा-लाडू द्यायला मंजुरीचा छापील अर्ज असतो. त्यात कारणाच्या जागी तीनच पर्याय छापलेले आहेत: राष्ट्रीय दिन, आयुधपूजा, सुरक्षा सप्ताह. परक्या देशातल्या एका शहराने दीडशे वर्षांपूर्वी जिंकलेली लढाई यांपैकी कशातच बसत नाही. साधं विचारून पाहिलं तर साहेब हसले. मग महिन्याभराने हॉटेलची जाहिरात आली. मुकुंदरावांनी ती कापली, अर्जाला टाचली, 'राष्ट्रीय दिन' समोर खूण केली आणि खाली लिहिलं, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. साहेबांनी सही केली. एवढंच नव्हे, साहेबांना ती कल्पना फार आवडली आणि आपली वाटू लागली.

"तीस वर्षांत एकही खोटा कागद माझ्या हातून गेला नाहीं," ते म्हणाले. "हा पहिला. तुम्ही येऊन बोलणार, हें हिशेबांत नव्हतें."

आता त्यांचा शुक्रवारचा थांबलेला घास मला कळला. डायरेक्टरसाहेबांचा स्वभाव केतकीने मला सांगितला होता. साधं बसचं वेळापत्रक चुकीचं टांगलं म्हणून त्यांनी एका माणसाची चौकशी लावली होती. मी माइकवरून खरी तारीख सांगितली, तर मुकुंदरावांचा निवृत्तीआधीचा शेवटचा महिना, खोटा कागद कसा गेला याची उत्तरं देण्यात जाणार होता. आणि न सांगितली, तर चौतीस वर्षं चुकीच्या सनावळीला अर्धा मार्क कापणारी मी, दोनशे माणसांसमोर उभी राहून खोटी तारीख वाचणार होते.

"हे सगळं एका माणसासाठी?" मी विचारलं.

त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी ते प्रशिक्षणाला वर्षभर पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तिथे त्यांच्या मराठीला कुणी मराठी मानलं नाही. सगळे मद्रासी म्हणत. पोंगलच्या दिवशी ते भांडारात तोंड पाडून बसले होते. भांडारपालाने काही न विचारता रजेचा अर्ज भरला, कारणाच्या जागी 'ताप' लिहिलं आणि त्यांना खोलीवर पाठवलं. वाटेत खायला घरून आणलेला गूळ दिला.

"त्याचें नांव मला आतां आठवत नाहीं," मुकुंदराव म्हणाले. "ताप हा शब्द आठवतो."

मी माझी दोन पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली. काय बोलणार ते मात्र सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

गुम्मिडिपूंडी, सोमवार

कामगारांच्या बसने रेड हिल्स, कावरैप्पेट्टै करत तासाभरात पोचलो. समारंभ दुपारी का, सकाळी का नाही, याचं उत्तर वाटेत मिळालं. मुकुंदरावांनी वेळेचं गणित मांडलं होतं: आपली सकाळ म्हणजे पुएब्लात अजून चार तारीख. आपल्याकडे दुपारचे पाच वाजतात, तेव्हा तिकडे पाच मेची पहाट झालेली असते.

परका झेंडा चढवण्याला परवानगी लागते की नाही यावर कारखान्यात बराच खल झाला होता, आणि अखेर तो रांगोळीत काढायचा ठरला होता. ते काम रुक्माबाईंचं. सकाळी त्या बाया घेऊन आल्या आणि शेडच्या दारात आठ हात लांब कोलम घातलं. हिरवा, पांढरा, लाल पट्टा अगदी चोख. मेक्सिकोच्या झेंड्याच्या मध्यभागी निवडुंगावर बसलेला गरुड असतो आणि तो चोचीने साप मारत असतो. रुक्माबाईंचा गरुड देवळातल्या वाहनासारखा, कपाळावर गंध लावलेला. साप मात्र जिवंत. फणा काढून गरुडाशेजारी नीट बसला होता, समोर दुधाची वाटी.

केतकीने कपाळावर हात मारला. रुक्माबाई ऐकेनात. शुभकार्याच्या दारात साप मारलेला काढायचा, आणि तेही त्यांच्या हाताने, हे होणार नव्हतं. "त्यांच्या देशांत मारोत. माझ्या कोलमांत त्याला कोणी हात लावणार नाहीं."

रामिरो आला, खाली बसला, बराच वेळ पाहत राहिला. आम्ही सगळे त्याच्या चेहऱ्याकडे. मग तो तमिळमध्ये ओरडून म्हणाला, बिचारा सातशे वर्षं मरतोय, आज पहिल्यांदा त्याला कुणी जेवायला दिलं. रुक्माबाईंनी पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलताना दिसले.

साडेचारला समारंभ सुरू झाला. समारंभ सगळीकडे सारखेच. समई पेटेना, कारण वर पंखा. पंखा बंद केला तर साहेबांना घाम. प्रत्येक पाहुण्याचं स्वागत दोनदा झालं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फळांची परडी या हातातून त्या हातात गेली आणि शेवटी जिथून निघाली तिथेच पोचली. मुकुंदराव शालीचं ताट धरून एका बाजूला उभे होते. कुठल्याही समारंभात असा एक माणूस असतो, आणि फोटोत फक्त ताट येतं.

साहेब इंग्रजीत पंचवीस मिनिटं बोलले. स्पॅनिश साम्राज्य, गुलामगिरी, हुतात्मे, आपला लढा, त्यांचा लढा. शेवटी त्यांनी माझ्याकडे वळून माइकवरच विचारलं, "प्रोफेसर, त्यांना स्वातंत्र्य कोणत्या साली मिळालं, ते जरा आमच्या लोकांना सांगा."

मी उभी राहिले. माझं इंग्रजी तमिळमध्ये सांगायला मुकुंदराव शेजारी आले. ताट अजून हातातच होतं.

मी म्हटलं, १८२१ साली, अकरा वर्षांच्या युद्धानंतर. हे खरं होतं. मग म्हटलं, पण देशाला स्वातंत्र्य एकदा मिळवून पुरत नाही. चाळीस वर्षांनी ते पुन्हा धोक्यात आलं, आणि पाच मेला एका शहराने ते एक दिवस तरी राखलं. त्या शहराचं नाव पुएब्ला. तिथे हरण्याची सवय नसलेली फौज आली होती, आणि तिच्यासमोर डोंगरातले शेतकरी कोयते घेऊन उभे राहिले. तुमचे रामिरो त्या शहराचे आहेत. यातही एक अक्षर खोटं नव्हतं. सोळा सप्टेंबर मी उच्चारला नाही, इतकंच. चौतीस वर्षांत कुणी अशी उत्तरपत्रिका लिहिली असती, तर मी ती दोनदा वाचली असती आणि पूर्ण मार्क दिले असते, हे मला तिथे उभं असताना कळलं.

मुकुंदराव तमिळमध्ये सांगू लागले. माझ्या एका वाक्याची त्यांची तीन होत होती. तमिळ लांबट भाषा असेल, असं मी समजले. मध्येच दोनशे माणसं एकदम गप्प झाली, एकदम हसली, पुन्हा एकदम गप्प झाली. रामिरोने मान खाली घातली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पुएब्ला," आणि सगळी शेड ते नाव घेऊ लागली. घोषणेसारखं मुळीच नाही. हजेरी घेतल्यासारखं, एकेक रांग.

साहेब भारावले. त्यांनी माइक घेऊन जाहीर केलं की यापुढे दर वर्षी पाच मेला या कारखान्यात मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन साजरा होईल. टाळ्या फार वाजल्या.

लाडू वाटले जात असताना मुकुंदरावांनी रामिरोला आपल्या खोलीत नेऊन परदेशी फोन लावून दिला आणि स्वतः बाहेर येऊन दार ओढून घेतलं. काचेतून तो दिसत होता. उभा राहून बोलत होता, मग खुर्चीत बसला, मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर आल्यावर त्याने एवढंच सांगितलं, की आई पुतण्याचा संचलनाचा सदरा इस्त्री करत होती, आणि तिने विचारलं, तिकडे तुला आज सुट्टी कशी. तो म्हणाला, इथे सगळ्यांनाच आहे.

परतीची बस

बस फाटकाबाहेर पडली तेव्हा मी केतकीला म्हटलं, माझं भाषण तमिळमध्ये बरंच लांबलं.

केतकी हसायलाच लागली. "मावशी, तू बोललीस ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. पुढचं त्यांचं स्वतःचं."

मुकुंदरावांनी कामगारांना सगळं सांगितलं होतं. आज यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन नाही, तो सप्टेंबरात. आज रामिरो सार यांच्या गावाचा दिवस आहे. गावाच्या दिवसाला कंपनी लाडू देत नाही म्हणून मी देशाचा लिहिला. साहेबांना तमिळ येत नाही, तेव्हा आता कुणी हसू नका. दोनशे माणसं तिथेच हसली होती आणि मग तोंडं सरळ करून बसली होती. पुढची टाळी, दर वर्षीच्या घोषणेची, तर त्यांनी मनापासून वाजवली.

मुकुंदराव पुढच्या बाकावर होते. मी जाऊन शेजारी बसले आणि विचारलं, साहेबांना कुणी सांगितलं तर?

"सात वर्षें आहेत ते इथें," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "हव्या तितक्या वेळा त्यांना सांगूं दे. तमिळांत सांगतील."

मी म्हटलं, तुमचे मी आभार मानायला हवेत. ते गोंधळले, कशाबद्दल, ते त्यांना कळेना. मी एवढंच म्हटलं, की समारंभ बरा जाला.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

कावरैप्पेट्टैला बस थांबली. चौघे उतरले, आणि उतरताना प्रत्येकाने मागे रामिरोकडे हात करून "पुएब्ला, सार," असं म्हटलं. पुढच्या थांब्यावर सहा जण उतरले आणि तेच म्हणाले. रेड हिल्सपर्यंत बस जवळजवळ रिकामी झाली. रामिरो प्रत्येकाला उठून उत्तर देत होता. चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडी धरून, एकालाही न चुकवता.